माथेरानसारख्या चार हजार वस्तीच्या डोंगराला नगरपालिका कधी आणि कशी मिळाली?

जुनी_पावती (सोलापूर)

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरचा, साखर पेठेत राहतो. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कर विभागात ३१ वर्षं काढली. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार बैठक, सगळ्या वसुल्या केल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. इथं रोज वाचतो, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

डिसेंबरात आम्ही घरचे पाच जण माथेरानला जाऊन आलो. रात्रीच्या सिद्धेश्वरनं निघालो, पहाटे कल्याणला उतरलो, तिथनं कर्जत लोकल धरून नेरळ. हिनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, ती नेरळ स्टेशनच्या बाकावरच संपली. मग टॅक्सीनं घाट चढून दस्तुरी नाका. तिथनं पुढं मोटार जात नाही. खिडकीवर माणशी प्रवासी कर भरला आणि पावती घेतली.

बाकीचे लोक पावती खिशात कोंबून पुढं चालले होते. मी तिथंच उभं राहून ती वाचली. वर लिहिलं होतं ‘माथेरान गिरिस्थान नगरपरिषद’. आयुष्यभर पावत्या फाडल्यामुळं मला एक माहीत आहे, की पावतीवर ज्या संस्थेचं नाव असतं तिच्यामागं कुठला तरी कायदा असतो आणि कुणीतरी केलेला पहिला ठराव असतो. मला तो पहिला ठराव कुठला, हे जाणून घ्यायची ओढ लागली. नातीनं मोबाईलवर बघून सांगितलं, २०११च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३. त्याआधी २००१ मध्ये ५,१३९ होती, म्हणजे उलट घटली. आमच्या जिल्ह्यात याच्या तिप्पट वस्तीची गावं वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच राहिलेली मी पाहिली आहेत. मग इथं नगरपरिषद कशी?

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागली. हिचे गुडघे दुखतात म्हणून तिला हातरिक्षात बसवलं. पुढं एक माणूस ओढणारा, मागं दोघं रेटणारे, वाट लाल मातीची, चढाची. मी बाजूनं चालत होतो. पुढच्या माणसाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला होता. माझे वडील सोलापुरात गिरणीत गाठी वाहायचे, त्यांचा डावा खांदा अगदी असाच होता. शर्ट शिवताना शिंपी त्या बाजूला कापसाची घडी घालायचा. वाटेत सिलिंडर घेऊन चढणारे हमाल भेटले, पाठीवर पोती लादलेले घोडे भेटले. चाकाच्या गाडीशिवाय एक अख्खं गाव चालतं, ते या लोकांच्या अंगावर.

झाडाखाली थांबलो तेव्हा त्या रिक्षावाल्याला मी विचारलं, नगरपालिकेत तुमची माणसं असतात का? तो म्हणाला, “आमचे भाई कोतवाल होते की. नगरपालिकेत होते आणि मग लढ्यात गेले.” एवढं बोलून त्यानं दांडा उचलला. मला पुढं विचारायचं राहिलं.

आम्ही सोलापूरकर नगरपालिका म्हटलं की ६ एप्रिल १९३० आठवतो. त्या दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला, देशातल्या नगरपालिकांत तो पहिला. पुढच्याच महिन्यात मार्शल लॉ लागला. नगरपालिकेची इमारत ही कर भरायच्या खिडकीपुरती नसते हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून विचारतो:

माथेरानची नगरपालिका कधीची? इतक्या लहान गावाला ती कुठल्या कायद्यानं? आणि ती फक्त साहेबांची, बंगलेवाल्यांची होती, की वर ओझी वाहणाऱ्यांची पण?

नात आठवीत आहे. तिच्यासाठी एका वहीत लिहून ठेवतोय, तेव्हा खात्रीचं असेल तेवढंच सांगा ही विनंती.

सह्यवाटा (पुणे)

काका, १९०५.

आणि सगळ्यात लहान माथेरान नाही बरं का. आमचा पन्हाळा त्याहून लहान, २०११ला ३,१२१. तोही गिरिस्थान नगरपरिषदच. मेळघाटातलं चिखलदरा साधारण पाच हजाराचं. म्हणजे ही पाचगणी-महाबळेश्वरसकट एक वेगळीच जात आहे नगरपालिकांची. कायद्याचं कुणीतरी जाणकार सांगेल.

पुढच्या वेळी गार्बट पॉइंटकडनं या, पहाटे. शेकरू हमखास दिसतं.

दप्तर_विभाग (सातारा)

जुनी_पावती साहेब, मीही नगरपालिकेच्याच नोकरीतला. गिरिस्थानाच्या नगरपरिषदेत काही वर्षं होतो, त्यामुळं तुमच्या प्रश्नाला हात घालतो.

सुरुवात १८५०पासून करावी लागते. त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडनं वन ट्री हिलच्या बाजूनं हा डोंगर चढला आणि रामबागेकडनं उतरला. (तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पुढं कुलाब्यात गेला आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याचं नाव रायगड.) त्यानं माथेरान ‘शोधलं’ असं पाट्यांवर लिहितात. माथ्यावरचं रान म्हणून ज्याला नाव होतं, ज्याच्या वाटा ठाकरांना आणि धनगरांना पाठ होत्या, ते शोधायचं काय बाकी होतं? तुमच्या वहीत ‘मॅलेट चढून गेला’ एवढंच लिहा, ते खरं आहे.

त्याच १८५० साली हिंदुस्थान सरकारनं सव्विसावा कायदा केला. गावातल्या लोकांनी मागणी केली तर तिथं नगरपालिका स्थापन करता यावी, असा तो कायदा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या नगरपालिकांची मुळं त्यात आहेत. माथेरानला मात्र तो लगेच लागू होण्यासारखी स्थितीच नव्हती, कारण तिथं मागणी करायला गाव नव्हतं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टननं जागा उचलून धरली, रस्ते आखले गेले, प्लॉट पाडले गेले, मुंबईचे इंग्रज, पारशी, बोहरी धनिक बंगले बांधू लागले. जमीन सरकारची, प्लॉट भाडेपट्ट्यानं. कारभार बघायला सरकारनं नेमलेला अधीक्षक. आजही माथेरानला महसूल खात्याचं अधीक्षक कार्यालय आहे, ते त्या काळाचं उरलेलं शेपूट समजा.

मग १९०५. तेव्हा मुंबई इलाख्यात १९०१चा जिल्हा नगरपालिका कायदा चालू होता. साल लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नेरळहून वर रेल्वे टाकायचं काम १९०४ मध्ये सुरू झालं होतं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. लोक वाढणार, घाण वाढणार, दिवाबत्ती आणि पाणी लागणार, बाजार भरणार. रूळ वर चढत असतानाच नगरपालिका उभी राहिली.

आता कायदा. आज आपल्याकडे १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम आहे. १ लाखाच्या वर अ वर्ग, ४० हजारांच्या वर ब, त्याखाली क. सपाटीवरच्या गावाला नव्यानं नगरपरिषद व्हायचं तर २५ हजार वस्तीची अट येते. तुम्ही पाहिलेली गावं त्याच अटीवर अडली. गिरिस्थानाला ही मोजपट्टी लावत नाहीत, आणि ते योग्य आहे. माथेरानची रहिवासी लोकसंख्या चार हजार, पण मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी त्या डोंगरावर किती माणसं चढतात ते डोळ्यांनी बघा. त्यांचा कचरा, त्यांचं सांडपाणी, त्यांच्या पायाखालची माती, सगळं त्या चार हजारांच्या नगरपरिषदेनं निस्तरायचं. घरपट्टी भरणारी घरं थोडी. म्हणून प्रवासी कर. तुमच्या हातातली पावती ही त्या नगरपरिषदेची मुख्य भाकरी आहे, साहेब. ती वाचणारा माणूस भेटला याचा मला खरंच आनंद झाला.

गाव असं किती मोठं? सुमारे ७ चौरस किलोमीटरचा माथा. त्यात बराचसा जंगलाखाली, उरलेला सरकारी भाडेपट्ट्याच्या प्लॉटांखाली. नगरपरिषदेला स्वतःचं म्हणायला जागा फार थोडी. २००३ मध्ये केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हापासून बांधकाम, झाडतोड, रस्ता, सगळ्यावर वरून नजर असते. मोटारबंदी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनची, रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक गाडी सोडून.

मी ज्या गिरिस्थानात होतो तिथं मोटारी आत येतात. मे महिन्यात बाजारपेठेत धूर इतका साठायचा की संध्याकाळी डोळे चोळत घरी जायचो. माथेरानची चाकबंदी टिकली याचं मोल मला तिथं कळलं. ती माणसांच्या पाठीवर टिकली, हे तुम्ही लिहिलंत तेही तितकंच खरं. दोन्ही एकत्र धरूनच बोललं पाहिजे.

कुर्डुवाडी_जंक्शन

जुनी_पावती काका, तुम्ही सोलापूरचे आणि माथेरानच्या रेल्वेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, म्हणून मला राहवलं नाही.

दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरनं जी छोटी गाडी धरता ना, तिचं आणि आपल्या बार्शी लाईटचं नातं आहे. दोन्हींमागं एकच इंजिनियर, एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. आपली बार्शी लाईट १८९७ मध्ये सुरू झाली, बार्शी रोड म्हणजे आताचं कुर्डुवाडी ते बार्शी. अडीच फुटी रूळ. बार्शीला नगरपालिका होती १८६५पासून, गावात धान्याचा आणि कापसाचा मोठा व्यापार होता, पण मोठी रेल्वे गावाला टाळून गेलेली. कॅल्थ्रॉपनं हिशोब मांडला की गाडीचं वजन प्रत्येक आसावर सारखं वाटलं, आसाला पाच टन, तर यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळसुद्धा पुरतात. हलके रूळ म्हणजे कमी खर्च. लोकांना खोटं वाटायचं, बार्शी लाईटनं खरं करून दाखवलं. पुढं तिकडं पंढरपूर-मिरज आणि इकडं लातूरपर्यंत ती लाईन गेली. वारीच्या दिवसांत टपावर माणूस बसलेली गाडी मी स्वतः बघितली आहे.

माथेरानला तर अजून अवघड. दोन फुटी रूळ, २१ किलोमीटर, वीस फुटांमागं एक फूट चढ आणि घोड्याच्या नालेसारखी वळणं. तिथं सल्ला द्यायला कॅल्थ्रॉपच होते. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार इंजिनं आली, ज्यांचे आस वळणावर थोडे सरकतील अशी रचना होती. ती इंजिनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाफेवर चालली. वॉटर पाईप नावाचं स्टेशन आहे बघा वाटेत, तिथं इंजिनं पाणी पीत. (कॅल्थ्रॉप यांनी पुढं विमानातनं उडी मारायचं पॅराशूट पण बनवलं. कुर्डुवाडीच्या पोरांना हे शाळेत कुणी सांगत नाही.)

पैसा सर आदमजी पीरभाईंचा, राबणारा त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन. सोळा लाख रुपये लागले, त्या काळचे.

आता माझं. आमचे आण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. माथेरानचे डबे आणि इंजिनं मोठ्या कामाला आपल्या कुर्डुवाडीला यायची. छोट्या रुळाचं काम जाणणारी माणसं इथं होती म्हणून. मी सहावीत असेन. आण्णांचा डबा द्यायला गेलो तर शेडमध्ये एक पिटुकला डबा उभा, रंग खरवडलेला, खिडक्या काढलेल्या. आण्णांनी मला उचलून आत बसवलं आणि म्हणाले, “हे माथेरान.” आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. मला वाटायचं माथेरान म्हणजे तो डबाच. डोंगर मी पस्तिसाव्या वर्षी बघितला, आण्णा गेल्यावर.

आण्णा स्वतः कधी माथेरानला गेले नाहीत. पण ब्रेक तपासताना ते एक वाक्य नेहमी म्हणायचे, “पोरं बसणार आहेत यात.” २००५च्या जुलैच्या पावसात ती लाईन वाहून गेली तेव्हा निवृत्त होऊनसुद्धा ते रोज पेपरात शोधायचे, चालू झाली का. २००७ मध्ये झाली. परत २०१९च्या पावसानं उखडली, ती नेरळपासून सुरू व्हायला २०२२ उजाडलं. ती बातमी सांगायला आण्णा नव्हते.

नातीला कुर्डुवाडीला घेऊन या. स्टेशनवर उतरला की मला निरोप टाका.

जुनी_पावती (सोलापूर)

दप्तर_विभाग साहेब, तुमचा लेख मी दोनदा वाचून वहीत उतरवला. ‘चढून गेला’ असंच लिहिलं आहे.

कुर्डुवाडीकर, तुमच्या आण्णांना माझा नमस्कार. आम्ही अमन लॉजहून त्या गाडीत बसलो होतो आणि माझ्या डोक्यात कुर्डुवाडी आलीच नाही, ही चूक माझी. माझी पहिली बदली बार्शीच्या बाजूला होती. दोन वर्षं बार्शी लाईटनं ये-जा केली आहे, पावसाळ्यात डब्यात छत्री उघडून. येणार, नक्की येणार.

भाई कोतवालांबद्दल कुणी सांगेल का? तो माणूस ‘आमचे’ म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात जे होतं ते माझ्या कानात राहिलंय.

उल्हासकाठ (कर्जत)

काका, मी कर्जत तालुक्यातली, प्राथमिक शिक्षिका. माझं माहेर माथेरानच्या पायथ्याच्या वाडीजवळ. भाईंबद्दल सांगायचा मान मला घेऊ द्या.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानातच. घर नाभिकाचं. म्हणजे तुम्ही विचारलंत ना, बंगलेवाल्यांची की राबणाऱ्यांची, तर हा मुलगा बंगलेवाल्यांची दाढी करणाऱ्या घरातला. शिकला, वकील झाला. मुंबईत वकिली थाटून सुखानं राहता आलं असतं. तो परत डोंगरावर आला आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. नाभिकाचा मुलगा त्या काळच्या माथेरानच्या नगरपालिकेत त्या खुर्चीवर बसला, हे मी वर्गात सांगते तेव्हा एक क्षण थांबते. मुलांना कळायला तेवढा वेळ लागतो.

वरच्या कारभारावर त्यांचं समाधान झालं नाही. खाली आमच्याकडे ठाकूर, कातकरी आणि लहान शेतकरी पावसाळ्याच्या तोंडाला सावकाराकडनं धान्य उचलायचे आणि सुगीला दुपटीनं फेडायचे. भाईंनी धान्यकोठ्या उभ्या केल्या, की पेरणीच्या वेळी गरजूला धान्य मिळावं, सावकाराच्या दारात जायला लागू नये. वाड्यांवर शाळा काढल्या. माझी आजी ज्या शाळेत चार अक्षरं शिकली ती अशाच एका वडाखाली भरायची.

१९४२ला ते भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज नेणारे मोठे मनोरे या डोंगरांतनं जातात. दस्त्यानं ते मनोरे पाडायचं काम हाती घेतलं. करवत घेऊन, रात्री, जंगलातनं. वाटा दाखवणारे, भाकरी पोचवणारे आमच्याच वाड्यांतले लोक. मुंबईत बसलेल्या सरकारला माथेरानच्या रानाची ओळख तेव्हा पटली.

२ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाडच्या बाजूला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. गोळीबारात भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंना तीस पुरी होऊन महिना झाला होता. हिराजींचे वडील गोमाजी पाटीलही याच लढ्यातले, बापलेक दोघं. दरवर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर जातात, नेरळला हुतात्मा चौक आहे. मी दहा वर्षं झाली, माझ्या वर्गाला घेऊन चौकात जाते.

तुमच्या रिक्षावाल्यांचं सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सांगितलं. माणसानं माणसाला ओढावं हे घटनेच्या देशात चालणार नाही, हा त्याचा गाभा. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आणल्या होत्या. माझ्या वाडीतली पाच-सहा घरं या कामावर आहेत. त्यांना काय वाटतं? थोरल्यांना सुटल्यासारखं वाटतं, आणि ई-रिक्षा आपल्याच हातात मिळेल का ही धाकधूकही असते. माझा मामा चोवीस वर्षं हातरिक्षा ओढत होता. त्याच्या छातीत पावसाळ्यात घरघर होते. तो म्हणतो, “ओझं गेलं तर बरंच आहे, पण डोंगर आमच्याकडनं जाऊ देऊ नका.” मी त्याच्याच बाजूची आहे. परवाना ज्यांनी ओढलं त्यांनाच मिळावा, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते आणि इथंही लिहून ठेवते.

दप्तर_विभाग दादांनी ‘चाकबंदी माणसांच्या पाठीवर टिकली’ असं लिहिलंय. दादा, तुम्ही खात्यातले असून हे लिहिलंत, बरं वाटलं.

दप्तर_विभाग (सातारा)

ताई, उपाध्यक्षपदाचं मला ठाऊक होतं, तरी माझ्या उत्तरात मी अधीक्षक आणि कायदे लिहीत बसलो. नगरपालिकेचा इतिहास सांगताना आधी भाईंचं नाव यायला हवं होतं. तुमच्या मामांना सांगा, परवान्याचा ठराव नगरपरिषदेच्या सभेत इतिवृत्तावर शब्दशः आला पाहिजे, असा आग्रह धरा. तोंडी आश्वासन दप्तरात सापडत नाही. सभेच्या आधी लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासकट.

सह्यवाटा (पुणे)

मी माथेरानला किमान पंधरा वेळा गेलोय. पॉइंटांची नावं पाठ आहेत, लुईझा, अलेक्झांडर, पोर्क्युपाईन, हार्ट. शार्लट तलावापाशी पिसारनाथाच्या देवळात बसलोय. भाई कोतवाल हे नाव पाटीवर वाचून पुढं गेलो होतो. उल्हासकाठ ताई, आभार. पुढच्या २ जानेवारीला सिद्धगडला येईन.

जुनी_पावती (सोलापूर)

ताई, तुमचं उत्तर काल रात्री हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांच्या वाक्याशी आलो तेव्हा ती म्हणाली, मी त्या रिक्षात बसले तेव्हा सारखं वाटत होतं उतरावं. मी म्हटलं, उतरली असतीस तर त्यांची त्या दिवसाची मजुरी गेली असती. आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो.

आज १२ जानेवारी. १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात आमच्या चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. सकाळी नातीला घेऊन चार हुतात्मा चौकात गेलो होतो, दरवर्षी जातो. यंदा पुतळ्यांपाशी उभं राहून मी तिला पाचवं आणि सहावं नावही सांगितलं. तिनं विचारलं, “आजोबा, भाई कोतवाल पण नगरपालिकेत होते ना, मग त्यांनी पण पावत्या फाडल्या का?” मी म्हटलं, उपाध्यक्ष पावत्या फाडत नाहीत, ठरावावर सही करतात.

वहीत दस्तुरी नाक्याची पावती चिकटवली आहे. तिच्याखाली १९०५, आणि त्याखाली तुम्ही सांगितलेली नावं. कुर्डुवाडीकर, येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येतोय. वर्कशॉप बाहेरनं दिसलं तरी चालेल, तुमचे आण्णा कुठल्या दारानं आत जायचे तेवढं तिला दाखवा.